वाचकांचे प्रश्न : हँक ॲरन यांचे ६,८५६ बेस

फेब्रुवारीच्या अंकात दिवंगत बेसबॉलपटू हँक ॲरन यांच्या जन्मदिनानिमित्त मी एक छोटे टिपण लिहिले होते. ५ फेब्रुवारी १९३४ रोजी अलाबामा राज्यातील मोबील शहरात जन्मलेले आणि २२ जानेवारी २०२१ रोजी अटलांटात वयाच्या ८६व्या वर्षी निवर्तलेले ॲरन जगाला ७५५ होमरनसाठी ठाऊक असले, तरी त्यांचे सर्वांत मोठे काम त्या आकड्यात पूर्णपणे मावत नाही, असे मी त्यात म्हटले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. काही वाचकांनी मला बेसबॉलचे साधे नियम विचारले, काहींनी माझ्या म्हणण्याला सरळ हरकत घेतली, आणि अमेरिकेत राहणाऱ्या काही मराठी वाचकांनी आपल्या आठवणीही कळवल्या. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर क्रिकेट पाहिले आहे, बेसबॉल मात्र कधीच नाही. ७५५ होमरन म्हणजे ७५५ षटकार असे समजले तर चालेल का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : चेंडू मैदानाबाहेर गेला, इतकेच साम्य धरले तर चालेल, पण त्यातली दुर्मिळता त्यामुळे लक्षात येणार नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता येतो, बॅट गोल दांड्यासारखी असते, आणि फटका मैदानाच्या समोरच्या काटकोनातच जावा लागतो. मागे किंवा बाजूला गेलेला कितीही लांबचा फटका फुकट जातो. शिवाय जम बसवून तासन्‌तास खेळत राहण्याची सोय त्या खेळात नाही. साधारणपणे एका सामन्यात फलंदाजाला चार-पाच वेळाच खेळायला मिळते आणि प्रत्येक वेळी त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. चांगले फलंदाजसुद्धा दहापैकी सात वेळा बाद होऊन परततात. ॲरन यांनी १९५४ ते १९७६ या २३ हंगामांत ३,२९८ सामने खेळून ७५५ होमरन मारले, म्हणजे चार-साडेचार सामन्यांमागे एक. अमेरिकेत एका हंगामात दीडशेहून अधिक सामने होतात आणि वसंतापासून शरदापर्यंत संघ जवळजवळ रोज खेळतो, हे लक्षात घेतले की हा वेग तेवीस वर्षे टिकवण्यासाठी काय लागले असेल, याची थोडी कल्पना येईल.

प्रश्न : ‘एकूण बेस’ हाच ॲरन यांचा खरा विक्रम, असे आपण लिहिले आहे. हा आकडा सामान्य प्रेक्षकाला माहीतही नसतो. मग तो इतका महत्त्वाचा कसा? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : हा प्रश्न माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. बेसबॉलच्या मैदानात चार ठिकाणे असतात, त्यांना बेस म्हणतात, आणि एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते. फलंदाजाच्या फटक्यावर तो स्वतः पहिल्या बेसपर्यंत पोहोचला तर त्याच्या नावावर एक बेस जमा होतो, दुसऱ्यापर्यंत पोहोचला तर दोन, तिसऱ्यापर्यंत तीन, आणि होमरन असेल तर चार. फलंदाजाने आयुष्यभरात आपल्या बॅटीने मिळवलेल्या अशा सगळ्या बेसची बेरीज म्हणजे एकूण बेस.

आता ॲरन यांचा हिशेब मांडून पाहू. त्यांचे एकेरी फटके २,२९४, त्यांचे तेवढेच बेस. दुहेरी फटके ६२४, त्यांचे १,२४८ बेस. तिहेरी ९८, त्यांचे २९४. होमरन ७५५, त्यांचे ३,०२०. या सगळ्याची बेरीज ६,८५६ होते. या यादीत ॲरन यांच्यानंतर आल्बर्ट पुहोल्स यांचे नाव येते आणि त्यांच्या नावावर ६,२११ बेस आहेत. दोघांतला ६४५ बेसचा फरक अंतरात मोजला तर सतरा किलोमीटरहून जास्त भरतो. आणि सगळे ६,८५६ बेस एका रेषेत टाकले तर १८८ किलोमीटर होतात. मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाण्याचे अंतर १९२ किलोमीटर आहे. मी दरवेळी त्या गाडीने घाट चढताना हा हिशेब आठवतो आणि लोणावळा मागे पडले तरी ॲरन यांचे बेस संपलेले नसतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ॲरन यांचे एकूण यशस्वी फटके ३,७७१. त्यांतून सगळेच्या सगळे होमरन वगळले, म्हणजे जगाने ज्याच्यासाठी त्यांना ओळखले ते पूर्णपणे बाजूला ठेवले, तरी ३,०१६ फटके उरतात. अमेरिकेत ३,००० फटके पूर्ण करणारा फलंदाज थोरांच्या पंक्तीत बसतो. म्हणजे एकही होमरन न मारता ॲरन त्या पंक्तीत बसले असते. असे दुसऱ्या कोणत्याही होमरनसम्राटाबद्दल म्हणता येत नाही, म्हणूनच ७५५ या आकड्याने त्यांचे चित्र अपुरे राहते, असे मी म्हटले होते. आपल्या फटक्यांवर इतर फलंदाजांना, आणि होमरनवर स्वतःलाही, घरी आणून, म्हणजे धाव पूर्ण करून, त्यांनी संघाला २,२९७ धावा मिळवून दिल्या. तोही विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे.

प्रश्न : बेब रूथ यांनी ८,३९९ संधींत ७१४ होमरन मारले. ॲरन यांना १२,३६४ संधी लागल्या. मग ॲरन केवळ जास्त काळ खेळले म्हणून पुढे गेले, असे का म्हणू नये? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : आकडे आपण अगदी बरोबर दिले आहेत आणि होमरन मारण्याच्या वेगात रूथ सरस होते, हे मान्य करायलाच हवे. परंतु ‘केवळ जास्त काळ’ या शब्दांना माझी हरकत आहे. जास्त काळ संघात टिकून राहणे वेगळे आणि जास्त काळ त्याच उंचीवर राहणे वेगळे. १९५५ ते १९७४ या वीस हंगामांत ॲरन यांनी एकाही हंगामात २० पेक्षा कमी होमरन मारले नाहीत. त्यांनी एका हंगामात ५० होमरनचा टप्पा कधीच गाठला नाही. १९७१ मधले ४७ ही त्यांची सर्वोच्च मजल, आणि ती त्यांनी वयाच्या सदतिसाव्या वर्षी मारली. १९७३ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, फक्त ३९२ संधींत त्यांनी ४० होमरन मारले. बहुतेक फलंदाजांची बॅट ज्या वयात मंदावते त्या वयात त्यांची बॅट मंदावली नाही.

त्यांच्या पाठीवरचा क्रमांक ४४ होता, आणि १९५७, १९६३, १९६६ व १९६९ अशा चार हंगामांत त्यांचे होमरनही बरोबर ४४ झाले. हा योगायोग आहे, तरीही त्यांच्या चाहत्यांना तो इतका प्रिय आहे की त्याशिवाय आठवणींची कोणतीही बैठक पुरी होत नाही.

रूथ यांच्या काळाबद्दलही एक गोष्ट विसरता कामा नये. त्या काळी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेशच नव्हता, त्यामुळे देशातल्या उत्तमोत्तम पिचरांपैकी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांपैकी, अनेकांना तोंड देण्याची वेळ रूथ यांच्यावर कधी आलीच नाही. ॲरन यांच्या वाट्याला मात्र कृष्णवर्णीय बॉब गिब्सन यांच्याबरोबरच सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल असे गोरे पिचरही आले. यांतल्या एकट्या ड्रायस्डेल यांच्या चेंडूंवर त्यांनी १७ होमरन मारले.

प्रश्न : विक्रमाजवळ आल्यावर ॲरन यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, असे वाचले. एका खेळातल्या आकड्यासाठी माणसे या थराला का जावीत? (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर : बेब रूथ हे अमेरिकेतल्या गोऱ्या समाजाचे दैवत होते, आणि १९३५ पासून अढळ राहिलेला त्यांचा ७१४ चा आकडा एक कृष्णवर्णीय माणूस ओलांडणार, ही कल्पनाच अनेकांना सहन होईना. खेळ हे त्यासाठी निमित्त होते. वर्णभेदाचे कायदे रद्द होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि ॲरन ज्या संघाकडून खेळत होते तो ब्रेव्हज संघ १९६६ मध्ये मिलवॉकीहून अटलांटाला, म्हणजे थेट दक्षिणेत, आला होता.

ॲरन यांना हे नवे नव्हते. १९५२ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, ते इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात होते. वॉशिंग्टनमध्ये एका सकाळी पावसामुळे सामना लांबला, म्हणून संघ मैदानामागच्या उपाहारगृहात न्याहारीला गेला. खाणे झाले, आणि ते तिथे बसलेले असतानाच स्वयंपाकघरातून बशा फोडल्याचा आवाज आला. त्यांनी खाल्लेल्या बशा पुन्हा कोणी गोऱ्याने वापरू नयेत म्हणून फोडल्या जात होत्या. देशाच्या राजधानीत ऐकलेला तो आवाज ॲरन यांच्या मनातून कधी गेला नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यात दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांच्या गोलंदाजीवर संघ जिंकत होता, आणि त्याच बाळूंना चहा मात्र मंडपाबाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात दिला जात होता.

१९७३ मध्ये ॲरन यांना सुमारे ९ लाख ३० हजार पत्रे आली. देशात राजकारण्यांखेरीज इतकी पत्रे कोणालाच येत नव्हती आणि टपाल खात्याने त्याबद्दल त्यांना मानचिन्हही दिले. त्यांतली कित्येक पत्रे शिवीगाळीची आणि धमक्यांची होती. कोणत्या शहरात, कोणत्या सामन्यात गोळी घालणार, हेही काहींनी लिहिले होते. नॅशव्हिलमध्ये शिकणाऱ्या त्यांच्या मुलीला पळवून नेण्याची धमकी आली. ही बातमी बाहेर फुटल्यावर मात्र धीर देणाऱ्या पत्रांचा ओघ लागला, त्यांत लहान मुलांची पत्रे पुष्कळ होती. द्वेषाची पत्रे ॲरन यांनी फाडून टाकली नाहीत. ती त्यांनी माळ्यावर जपून ठेवली.

१९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्यांचा आकडा ७१३ वर थांबला होता. बरोबरीला एक कमी. सचिन तेंडुलकर यांच्या ९९व्या आणि १००व्या शतकामधल्या वर्षभराची घालमेल आपण सर्वांनी अनुभवली आहे, पण आपल्याला काळजी होती ती शतकाची. ॲरन यांना मात्र तो संपूर्ण हिवाळा आपण पुढचा हंगाम बघायला जिवंत राहू की नाही, या विचारात काढावा लागला. अटलांटातल्या एका दैनिकाच्या क्रीडा संपादकाने तर त्यांचा मृत्युलेख आधीच तयार करून ठेवला होता.

४ एप्रिल १९७४ रोजी, हंगामातल्या पहिल्याच सामन्यात, सिनसिनाटीत त्यांनी आपला पहिलाच फटका मैदानाबाहेर धाडून ७१४ ची बरोबरी केली. नंतर ८ एप्रिलच्या त्या गार, दमट रात्री अटलांटाच्या मैदानात ५३,७७५ प्रेक्षक जमले. समोर लॉस एंजेलिस डॉजर्सचे पिचर अल डाउनिंग होते. त्यांच्याही पाठीवर ४४ हाच क्रमांक होता. दुसऱ्या डावात (बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात) डाउनिंग यांनी मारण्याजोगा चेंडू दिलाच नाही, म्हणून नियमाप्रमाणे ॲरन बॅट न हलवता पहिल्या बेसवर गेले. चौथ्या डावात संघ दोन धावांनी मागे होता आणि एक खेळाडू बेसवर होता. पहिला चेंडू जमिनीलगत गेला. दुसऱ्यावर ॲरन यांनी त्या रात्रीची पहिली बॅट फिरवली. चेंडू डाव्या-मध्य बाजूला गेला, डॉजर्सचे क्षेत्ररक्षक बिल बकनर कुंपणावर चढले, पण चेंडू पलीकडे उतरला आणि तिथे थांबलेल्या ब्रेव्हजच्याच टॉम हाउस या पिचरने तो झेलला. घड्याळात नऊ वाजून सात मिनिटे झाली होती.

ॲरन दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाले तेव्हा प्रेक्षकांतून उडी मारून आलेले दोन गोरे तरुण त्यांच्याजवळ धावत आले. वर बसलेल्या अंगरक्षकाकडे दुर्बिणीच्या कातडी पेटीत भरलेले पिस्तूल होते. ते काढायचे की नाही, हे ठरवायला त्याला एक-दोन सेकंदच होते, आणि त्याने काढले नाही. त्या मुलांनी ॲरन यांची पाठ थोपटली आणि ती निघून गेली. होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या चौथ्या बेसवर, सहकाऱ्यांच्या गराड्यात शिरून आई एस्टेला यांनी मुलाला घट्ट कवटाळले. ध्वनिक्षेपकावर ॲरन इतकेच म्हणाले की हे संपले याबद्दल देवाचे आभार. हा विजयाचा उद्गार आहे असे मला कधीच वाटले नाही. तो ऐकताना त्या माणसाने किती किंमत मोजली हेच मनात येते.

प्रश्न : ॲरन लहानपणी बॅट उलटी धरत असत, हे खरे का? (साताऱ्याहून एक विद्यार्थी)

उत्तर : होय. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज उजवा हात वर आणि डावा खाली ठेवतो. ॲरन नेमके उलट, डावा हात वर ठेवून खेळत असत, आणि मेजर लीगच्या वाटेवर असताना त्यांनी ही सवय मोडली. घरी पैसा नव्हता, त्यामुळे झाडूच्या दांड्याने बाटल्यांची झाकणे टोलवत त्यांनी सराव केला. भिरभिरत येणारे एवढेसे झाकण नेमके टिपायचे तर नजर आणि मनगट दोन्ही तयार व्हावीच लागतात. पुढे त्यांच्या मनगटांच्या चपळाईचे जे कौतुक झाले, त्याचे मूळ मला तरी या झाकणांतच दिसते.

प्रश्न : निग्रो लीगमधील, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांमधील, आकडे आता मेजर लीगच्या नोंदींत धरले जातात. मग ॲरन यांचे होमरन ७५५ पेक्षा वाढले का? (मिलवॉकीहून एक मराठी वाचक)

उत्तर : नाही. मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये त्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे नोंदींत सामील केले, पण ते १९२० ते १९४८ या काळापुरते. त्यानुसार ॲरन यांचे समकालीन फलंदाज विली मेज यांचे १९४८ मधले फटके त्यांच्या खात्यात जमा झाले. ॲरन क्लाउन्सकडून १९५२ मध्ये खेळले, म्हणून त्यांचे आकडे बदलले नाहीत. आपण मिलवॉकीत राहता, तेव्हा हेही सांगतो की ७५५पैकी ७३३ होमरन ब्रेव्हजकडून आणि शेवटचे २२ मिलवॉकी ब्रुअर्सकडून आहेत. शेवटचा, २० जुलै १९७६ चा, आपल्याच शहरातल्या जुन्या काउंटी स्टेडियममध्ये मारलेला आहे.

प्रश्न : बॅरी बाँड्स यांचे ७६२ होमरन आहेत. तरीही अनेक चाहते ॲरन यांनाच ‘होमरनचा राजा’ म्हणतात. हा हट्ट नाही का? (नागपूरहून एक वाचक)

उत्तर : अधिकृत विक्रम ७६२ चाच आहे आणि तो बाँड्स यांचाच आहे. त्यांनी ७ ऑगस्ट २००७ रोजी ७५६वा होमरन मारला, तेव्हा ॲरन मैदानात हजर नव्हते, पण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर त्यांचा अभिनंदनाचा संदेश दाखवण्यात आला. ज्याने विक्रम गमावला त्यानेच तो मोडणाऱ्याचे जाहीर कौतुक केले असताना चाहत्यांनी भांडत बसू नये, हे आपले म्हणणे मला पटते.

मात्र चाहत्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. बाँड्स यांच्या खेळाचा उत्तरार्ध ज्या काळात झाला त्या काळावर शक्तिवर्धक औषधांच्या वापराची दाट सावली आहे, आणि त्यामुळे बेसबॉल पत्रकारांनी दहा वर्षांच्या मुदतीत एकदाही त्यांना हॉल ऑफ फेमसाठी पुरेशी मते दिली नाहीत. ॲरन यांना १९८२ मध्ये ४१५पैकी ४०६ मते मिळाली होती. ॲरन यांना राजा म्हणणारे चाहते वही तपासून तसे म्हणत नाहीत. त्या आकड्यापर्यंत पोहोचताना ॲरन यांनी जे सोसले, त्याला ते मान देतात. मला स्वतःला विचाराल तर होमरनचा विक्रम गेला याचे फार दुःख करण्याचे कारण नाही, कारण ६,८५६ बेस आणि २,२९७ धावा यांच्याजवळ बाँड्ससुद्धा पोहोचले नाहीत.

प्रश्न : करोनाची लस घेतल्यामुळे ॲरन यांचा मृत्यू झाला, असा संदेश तेव्हा फिरत होता. त्यात तथ्य होते का? (छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक)

उत्तर : नव्हते. ५ जानेवारी २०२१ रोजी अटलांटातील मोरहाउस स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी जाहीरपणे लस घेतली आणि सतरा दिवसांनी झोपेत त्यांचे निधन झाले. तो मृत्यू नैसर्गिक असून लसीशी त्याचा संबंध दिसत नाही, असे तेथील सरकारी वैद्यकीय तपासनिसांनी स्पष्ट केले होते.

ते लस घ्यायला पत्रकारांसमोर का गेले, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्याच अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे, १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावर औषध न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. त्यामुळे त्या समाजात सरकारी औषधोपचारांबद्दल खोल अविश्वास होता आणि तो निराधार नव्हता. आपल्या माणसांचा धीर वाढावा म्हणून ८६ वर्षांच्या ॲरन यांनी बाही वर केली. त्यांच्या या अखेरच्या सार्वजनिक कृत्याचा उपयोग लोकांना घाबरवण्यासाठी झाला, याचा मला फार खेद वाटतो. ज्यांच्याकडे तो संदेश अजून असेल त्यांनी तो पुढे पाठवू नये, अशी विनंती आहे.

प्रश्न : जपानच्या सादाहारू ओह यांचे तर ८६८ होमरन आहेत. त्यांचा उल्लेख टिपणात का नव्हता? (पणजीहून एक वाचक)

उत्तर : जागेअभावी राहिला, आणि तो राहायला नको होता. ओह यांचे होमरन जपानी लीगमधले असल्यामुळे दोन्ही आकडे एका यादीत बसवत नाहीत, परंतु या दोघांनी एकमेकांकडे कधी प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले नाही. २ नोव्हेंबर १९७४ रोजी टोकियोच्या कोराकुएन मैदानावर दोघांत होमरनची चढाओढ झाली आणि ॲरन यांनी ती १० विरुद्ध ९ अशी जिंकली. १९७७ मध्ये ओह यांनी ७५६ चा टप्पा ओलांडला. पुढे दोघांनी मिळून जगभरातल्या मुलांसाठी बेसबॉलचा मेळावा सुरू केला.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अटलांटात राहते. मुलाला ॲरन यांची आठवण दाखवायला कुठे न्यावे? (अटलांटाहून एक मराठी वाचक)

उत्तर : ब्रेव्हजच्या सध्याच्या ट्रुइस्ट पार्क मैदानात ॲरन यांचा पुतळा आहे आणि त्यामागे ७५५ बॅटींची रचना उभी केली आहे, मुलांना ती फार आवडते. ॲरन गेले त्या वर्षी, २०२१ मध्ये, मैदानाच्या हिरवळीवर ४४ हा आकडा मोठ्या अक्षरांत उमटवला होता. त्याच वर्षी ब्रेव्हजने विश्वविजेतेपद जिंकले. हंगामाच्या मध्यंतरापूर्वी ४४ विजय आणि मध्यंतरानंतर पुन्हा ४४, असा त्यांचा हिशेब होता. अंतिम विजयही वर्षाच्या ४४व्या आठवड्यात आला. जुन्या चाहत्यांना हे सांगताना गहिवरून येते.

साउथ-व्ह्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. ही जागा १८८६ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतःच्या समाजासाठी उभारली, हे मुलाला आवर्जून सांगा. त्याच शहरातल्या एका शाळेला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचे नाव होते. २०२१ मध्ये ते काढून तिला ॲरन यांचे नाव देण्यात आले, हेही सांगा.

पण एकाच ठिकाणी जायचे असेल, तर मी जुन्या मैदानाची जागा सुचवीन. ते मैदान १९९७ मध्ये पाडले आणि तिथे वाहनतळ केले. त्या वाहनतळात कुंपणाचा एक तुकडा तेवढा राखून ठेवला आहे आणि ७१५वा चेंडू जिथून पलीकडे गेला ती जागा त्यावर दाखवली आहे. ॲरन यांची अंत्ययात्रा वाट वाकडी करून याच जागेवरून नेण्यात आली, आणि त्या दिवसांत चाहते त्या तुकड्यापाशी फुले, टोप्या आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवून जात होते. १९७३ मधल्या पत्रांनंतर त्यांच्या नावाने लिहिलेल्या या चिठ्ठ्यांची मला फार अपूर्वाई वाटते. मुलाला कुंपणाकडे पाठ करून उभे करा, समोर जिथे होम प्लेट होते त्या दिशेला चालायला लावा, आणि पावले मोजायला सांगा. मोजणी किती झाली ते मला जरूर कळवा.